पेशींचा परस्परसंवाद : एका नव्या साधनाची ओळख
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



वारंवार गर्भपाताचे दुःख सोसलेली दांपत्ये आम्हांला एकच प्रश्न विचारतात : ‘असे का झाले?’ पुष्कळदा सर्व तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्या एका संशोधनसाधनाची ओळख आज करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

गर्भाचा निम्मा आनुवंशिक वारसा पित्याकडून येतो. तरीही मातेची प्रतिकारशक्ती एरवी त्यास परका मानून नष्ट करीत नाही. हा सलोखा राखण्यात पेशींच्या परस्परसंवादाचा मोठा वाटा असतो. एक पेशी संदेशवाहक रेणू पाठविते आणि कुलपाला किल्ली लागावी तसा, ज्या पेशीवर त्याचा ग्राही रेणू असतो, ती तो संदेश स्वीकारते.

कोणती जनुके कार्यरत आहेत, हे आता एकेका पेशीपुरते मोजता येते. त्या मोजणीवरून संवादाचे अनुमान बांधणारी ‘सेलफोनडीबी’ ही संगणकप्रणाली ब्रिटनमधील वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी विकसित केली. तिच्यात संदेशक व ग्राही यांच्या ज्ञात जोड्यांची सूची आहे. ग्राही अनेक घटकांचा बनलेला असल्यास ते सर्व घटक उपस्थित आहेत ना, हेही ती पाहते. मग पेशींवरील प्रकारांची नावे सामान्यतः १,००० वेळा अदलाबदल करून, आढळलेली जोडी निव्वळ योगायोग तर नव्हे ना, हे ती पडताळते.

२०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या तिमाहीतील वार, गर्भाशयाचे अस्तर व मातेचे रक्त यांतील सुमारे ७०,००० पेशी तपासल्या गेल्या. मातेची हानिकारक प्रतिक्रिया शमविणारे अनेक संभाव्य संवाद त्यातून पुढे आले.

‘संभाव्य’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजिला आहे. जनुक कार्यरत दिसले, म्हणून प्रथिन तयार होऊन शेजारच्या पेशीपर्यंत पोहोचलेच, असे म्हणता येत नाही. प्रणाली शोधाची दिशा दाखविते. पुरावा प्रयोगशाळेतच मिळवावा लागतो. आज तिच्या आधारे कोणत्याही दांपत्याचे निदान वा उपचार ठरत नाहीत. तसे आश्वासन कोणी दिल्यास पैसे मोजण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

हे ज्ञान स्त्रियांनी संमतीपूर्वक दिलेल्या नमुन्यांमुळेच शक्य झाले. धनाच्या दानाइतकेच हे दानही मोलाचे आहे, याचे स्मरण ठेवून आम्ही आपणा सर्वांचे ऋण व्यक्त करतो.