पीएच.डी.चा अर्ज आणि आशियाई भाषांचा अभ्यास

परदेशातील अनेक विद्यापीठांत ‘आशियाई भाषा व साहित्य’ या नावाचे विभाग असून त्यांत चिनी, जपानी, कोरियन, संस्कृत, पाली, तिबेटी, हिंदी, उर्दू, तमिळ अशा भाषांचे अध्यापन आणि संशोधन एकत्र चालते. महाराष्ट्रातील विद्यापीठांची रचना याहून वेगळी आहे. येथे मराठीचा विभाग वेगळा, संस्कृतचा वेगळा, पालीचा वेगळा, आणि एका विभागातील विद्यार्थ्याला शेजारच्या विभागात काय शिकवले जाते याची कल्पना असतेच असे नाही. या फरकामुळे मराठीत एम.ए. झालेला विद्यार्थी जेव्हा पीएच.डी.साठी, म्हणजे स्वतंत्र संशोधनावर आधारलेल्या सर्वोच्च पदवीसाठी अर्ज करू पाहतो, तेव्हा त्याच्याजवळ गुण असतात, वाचनही असते, परंतु दुसरी आशियाई भाषा बहुधा नसते. विद्यापीठ पुण्यातील असो वा परदेशातील, अर्जाचे बळ एका नेमक्या प्रश्नावर आणि त्या प्रश्नाला लागणाऱ्या भाषांवर उभे राहते, आणि या दोन्हींची तयारी अर्जाची तारीख जाहीर होण्याच्या किमान दोन वर्षे आधी सुरू व्हावी लागते, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी घर सोडून श्रीलंका आणि ब्रह्मदेश येथे पालीचे अध्ययन केले आणि पुढे, कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसताना, ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि तेथील त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी 1932 मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. बापटांचा प्रबंध 1937 मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याचा विषय आजच्या अर्जदारानेही बारकाईने पाहावा असा आहे.

बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ पालीत उपलब्ध आहे. उपतिस्साच्या नावावर असलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाची मूळ संहिता मात्र लुप्त झाली असून तिचे सहाव्या शतकातील चिनी भाषांतर तेवढे पूर्ण स्वरूपात टिकले आहे. या दोन ग्रंथांचा परस्परांशी संबंध काय, हा बापटांचा प्रश्न होता. तो एका वाक्यात सांगता येतो, पण केवळ पाली जाणणाऱ्याला सोडवता येत नाही, कारण तुलनेची एक बाजू चिनी लिपीत आहे. आणि केवळ चिनी जाणणाऱ्यालाही तो सुटत नाही, कारण भाषांतरामागे दडलेली पाली संज्ञा त्याला ओळखू येणार नाही. बापटांनी चिनीबरोबर तिबेटीही आत्मसात केली आणि या ग्रंथाच्या धुतगुणविषयक प्रकरणाचा, म्हणजे भिक्षूने स्वेच्छेने पाळावयाच्या कठोर नियमांविषयीच्या भागाचा, तिबेटी पाठ 1964 मध्ये संपादित केला. त्यानंतरही, 1970 मध्ये, हिराकावा आकिरा या जपानी विद्वानासह त्यांनी विनयावरील, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांवरील, ‘समंतपासादिका’ या भाष्याच्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. तरुणपणी निवडलेला एक नेमका प्रश्न माणसाला आयुष्यभर पुरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी विद्वत्तेच्या इतिहासात विरळाच सापडेल.

प्रवेशासाठी जो संशोधन-आराखडा मागतात, म्हणजे विषय, पूर्वीचे संशोधन, प्रश्न, साधने आणि पद्धती यांची काही पानांची मांडणी, तो याच कसोटीवर तपासला पाहिजे. ‘साठोत्तरी मराठी कथेतील समाजचित्रण’ असे शीर्षक दिलेल्या आराखड्यात प्रश्नच नसतो. त्यात फक्त क्षेत्र असते, आणि क्षेत्राचे उत्तर देता येत नाही. याउलट, ज्यांचे उत्तरायुष्य नाशकात गेले त्या बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या 1963 च्या संग्रहातील निवेदनाची मांडणी आणि कोबायाशी ताकिजी या जपानी लेखकाच्या ‘कानिकोसेन’ या 1929 च्या कामगारजीवनावरील कादंबरीतील सामूहिक निवेदन यांची तुलना करून, वर्ग आणि जात या दोन अनुभवांनी कथेच्या रचनेत कोणता फरक पडतो, असे विचारणारा आराखडा वाचणाऱ्याला थांबवतो. नाशिकच्या सातपूरसारख्या कामगारवस्तीत वाढलेल्या विद्यार्थ्याला असा प्रश्न सुचण्याचा संभव अधिक, आणि तो त्याने बिचकत न मांडता अभ्यासाच्या शिस्तीत मांडावा. जपानी येत नसेल तर ती शिकण्याचा कार्यक्रम आराखड्यातच लिहिला पाहिजे; अनुवादावर विसंबून मूळ निवेदनशैलीविषयी विधाने करणे परीक्षक मान्य करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्राचीन विषयाकडे वळणाऱ्याला तर लांब जाण्याचीही गरज नाही. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील पांडवलेण्यांतील, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीचा असून, त्यात तिने आपल्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन करून ते लेणे भदायनीय पंथाच्या भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. लेख प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत आहे. जवळच्याच दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख असून त्यांतील एकाची भाषा बरीचशी संस्कृताकडे झुकते. एकाच डोंगरावर, फार मोठ्या कालांतराशिवाय, दोन राजवटींनी दोन भाषिक रीती का स्वीकारल्या, हा प्रश्न रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी लंडनच्या 1874 च्या प्राच्यविद्या परिषदेसाठी या लेखांवर निबंध पाठवला त्या काळापासून विद्वानांच्या विचारात आहे आणि आजही तो संपलेला नाही. त्याला संस्कृत, प्राकृत आणि ब्राह्मीचे वाचन लागते. दान स्वीकारणाऱ्या संघाची परिभाषा कळण्यासाठी पालीही लागते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत या भाषांनाही अभिजात दर्जा दिला, ही गोष्ट मराठीच्या आनंदात काहीशी मागे पडली. संशोधकाने या तिन्ही भाषांकडे एकत्र पाहावे.

नियमांचा भाग थोडक्यात सांगता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार एम.ए.ला किमान 55 टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे, आणि पदवीचा कालावधी अभ्यासक्रमासह किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा आहे. प्रवेश विद्यापीठाच्या ‘पेट’ या परीक्षेतून किंवा ‘नेट’ या राष्ट्रीय परीक्षेच्या आधारे होतो. मात्र विद्यार्थी ज्या नियमाकडे सर्वांत कमी लक्ष देतात, तोच त्यांना सर्वांत जास्त अडवतो: प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून परीक्षेत उत्तीर्ण होऊनही जागा नसल्याने थांबावे लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील नाशिकच्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाची रिक्त जागा, त्याचे प्रकाशित लेखन आणि त्याला अवगत असलेल्या भाषा या तीन गोष्टी अर्ज करण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात.

अमेरिकेतील विद्यापीठांची रीत निराळी आहे. तेथे साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत अर्ज घेऊन पुढील शरद ऋतूतील सत्रासाठी प्रवेश देतात. अर्जासोबत उद्देशनिवेदन, म्हणजे आपण काय अभ्यासू इच्छितो आणि त्याच विद्यापीठात का याचे निवेदन, लेखनाचा एक दीर्घ नमुना, बहुधा तीन शिफारसपत्रे आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण द्यावे लागतात. मराठी माध्यमातील विद्यार्थी लेखनाच्या नमुन्यात सर्वाधिक अडखळतो, कारण मराठीतील उत्तम निबंध समितीतील बहुतेकांना वाचता येत नाही. यावर सरळ उपाय असा की एखाद्या मराठी किंवा प्राकृत उताऱ्याचा स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद आणि त्यावरील विवेचन हाच नमुना ठरवावा. त्यातून इंग्रजी कळते आणि मूळ भाषेवरील पकडही दिसते. शिफारसपत्रे पदाने मोठ्या व्यक्तीकडून न घेता ज्या शिक्षकाने विद्यार्थ्याबरोबर एखादी संहिता ओळीओळीने वाचली आहे त्याच्याकडून घ्यावीत.

प्रवेश मिळालेल्यांना तेथील अनेक विभाग शुल्कमाफी आणि अध्यापनाच्या बदल्यात निर्वाहवेतन देतात, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी हाच मुख्य आधार ठरतो. कारण अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ज्या समाजांच्या अनुभवातून बागुलांची कथा निर्माण झाली, त्यांच्याच मुलांना ती कथा परदेशात जाऊन अभ्यासण्यासाठी ही शिष्यवृत्ती मिळू नये, हा अन्याय आहे आणि तो दूर होण्यासाठी विद्यापीठांनी व साहित्यसंस्थांनी उघडपणे मागणी केली पाहिजे. देशातच राहून संशोधन करणाऱ्याला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये या दराने मिळते, शिवाय बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणे हाही अर्जाच्या तयारीचाच भाग होय.

भाषा शिकण्याची सोय मात्र जवळ आहे. पुणे विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीचे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, 1917 मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, आणि 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय तर नाशिक शहरातच आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याने या उन्हाळ्यात पालीची प्रवेशिका आणि तिच्याबरोबर ब्राह्मी लिपी हाती घेतली, तर अर्ज लिहिण्याची वेळ येईपर्यंत बलश्रीच्या लेखातील पहिल्या काही ओळी लेण्यात उभे राहून त्याला स्वतः लावता येतील.