शेतात विमान पडलं तर



सोयाबीन काढताना वरून विमान गेलं, की आपण कंबर सरळ करून वर बघतो. लेकरं तर दिसेनासं होईपर्यंत हात हलवतात. आज त्या विमानाबद्दलच बोलू. विमान शिकवायचं तर शहराच्या गर्दीपासून लांब, मोकळ्या रानावर. म्हणून शिकवणीत अपघात झाला, तर विमान बऱ्याचदा कोणाच्या तरी शेतात येतं.

आपल्या पूर्णेहून निजामाबादमार्गे सिकंदराबादला गाडी जाते. तिकडे हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे. ४ डिसेंबर २०२३ ला सकाळी तिथून पिलाटस हे शिकवणीचं विमान उडालं. आत दोघं होते, एक शिकवणारा, एक शिकणारा. मेदक जिल्ह्यात तूप्रानजवळ विमान कोसळलं आणि दोघंही गेले. जमिनीवर मात्र कोणाला इजा झाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असं झालंय. १४ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याजवळ थेऊर-कोलवडीत हवाई दलाचं सुखोई उसाच्या शेतात पडलं. दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर फेकले गेले आणि पॅराशूटनं वाचले. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला छोटं विमान शेतात पडलं. ते सैन्याचं नव्हतं. बावीस वर्षांची शिकाऊ मुलगी एकटीच चालवत होती. आसपासची माणसं मदतीला धावली. मुलगी थोडक्यात वाचली.

धावणं चांगलंच, पण कसं धावायचं ते माहीत हवं. धूर दिसला की अख्खा गाव मोबाईल घेऊन निघतो, लेकरं सगळ्यांच्या पुढे. तिथंच धोका असतो.

पहिलं काम, ११२ ला फोन. गावाचं नाव, गट नंबर, जवळची खूण सांगा. जखमी असेल तर १०८ ची गाडी मागवा. पोलीस पाटलांना कळवा.

दुसरं, लेकरं आणि जनावरं लांब न्या. वारा ज्या बाजूनं येतो, त्या बाजूला थांबा. विमानात पेट्रोलसारखंच पेट घेणारं इंधन असतं आणि जळालेल्या भागांचा धूर विषारी असतो. विडी-काडी पेटवू देऊ नका.

तिसरं, सैन्याच्या विमानातल्या कशालाही हात लावू नका. वैमानिकाला बाहेर फेकायला सीटखाली स्फोटक असतं. ते उडालेलं नसेल, तर एखादी मूठ किंवा दोरी ओढली तरी जीव जाऊ शकतो. तुकडा घरी आणू नका. अपघात का झाला, हे त्या तुकड्यांवरूनच शोधतात. पुढच्या शिकणाऱ्याचा जीव त्यावर वाचतो.

चौथं, पॅराशूटनं उतरलेला वैमानिक सापडला तर त्याला उठवून बसवू नका. एवढ्या जोरानं फेकल्यावर पाठीचा कणा दुखावलेला असू शकतो. आहे तसाच पडू द्या, पदरानं सावली करा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, त्याच्याशी बोलत राहा. चहा-पाणी पाजायची घाई नको. दवाखान्यात ऑपरेशन करावं लागू शकतं.

आणि पिकाचं नुकसान झालं, तर लांबूनच फोटो काढून ठेवा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. सातबारावर नाव नवऱ्याचं असलं, तरी पंचनाम्याच्या वेळी तुम्ही हजर राहा. काय पेरलं होतं, किती उभं होतं, हे तुम्हालाच नीट ठाऊक असतं.

हे ऐकून एखादी म्हणेल, मग आपल्या पोरीनं असलं शिकूच नये. तसं नाही, बाई. त्याच दुंडिगलमधून १८ जून २०१६ ला देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक तयार होऊन बाहेर पडल्या. त्याही अशाच कोणाच्या तरी रानावरून उडत शिकल्या असतील. वर शिकणारं कोणाचं तरी लेकरू असतं. खाली आपण शहाणपणानं वागलो, तर त्याला आधार होतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत ११२ आणि १०८ हे दोन आकडे सगळ्यांकडून पाठ करून घ्या. विमान पडेल न पडेल, ते कधीही उपयोगी पडतील.