घास, गोळी आणि अन्ननलिका



'घास छातीत अडकतो', 'जेवल्यावर जळजळते', 'तोंडाला सारखी कोरड पडते' अशा तक्रारी घरोघरी वडीलधाऱ्या माणसांकडून ऐकू येतात. त्यांचे खापर बहुधा वयावर नाहीतर तिखटावर फोडले जाते. परंतु कधी कधी त्यांचे मूळ उशाशी ठेवलेल्या औषधांत असते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी आहे. घास तिच्यातून केवळ आपल्या भाराने खाली जात नाही. आकुंचनाची एक लाट त्याला जठरापर्यंत ढकलत नेते. नळीच्या खालच्या टोकाशी असलेले स्नायूंचे कडे घासाला वाट देते आणि एरवी आवळलेले राहून जठरातील आम्ल वर येऊ देत नाही. आकुंचनाचा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या द्वारे देतात. मज्जातंतूंचे निरोप रसायनांमार्फत पोहोचतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखवले. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना व हेन्री डेल यांना या विषयातील संशोधनाबद्दल मिळाले.

हा निरोप अडवणारी द्रव्ये आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतात. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते व त्याला गिळणे कठीण होते, ते यामुळेच. हाच गुण योग्य मात्रेत उपकारक ठरतो. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन प्राण वाचवते. पोटातील कळेवर डायसायक्लोमीन, तर कंपवातावर ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते. सर्दीवरील क्लोरफेनिरामीन आणि ॲमिट्रिप्टिलीन यांतही हा गुण काही अंशी आहे.

अन्ननलिकेच्या वरच्या भागातील स्नायू वेगळ्या जातीचे असल्याने या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून गिळण्याची सुरुवात नीट होते. पण खालच्या भागात लाट क्षीण होते आणि टोकाचे कडे सैल पडते. आम्ल वर येते आणि ते धुऊन काढणारी लाळही कमी झालेली असते. त्यामुळे आम्ल रेंगाळते व छातीत जळजळ जाणवते. कोरडा घास सरकत नाही, आणि काही अडकल्याची भावना होते. अशा स्थितीत लोहाची किंवा डॉक्सिसायक्लिनची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास ती वाटेतच राहून अन्ननलिकेला जखम करू शकते.

यावरचा उपाय औषध परस्पर बंद करणे हा नव्हे. तसे केल्याने मूळ विकार बळावू शकतो. घेत असलेली सर्व औषधे, दुकानातून स्वतःहून आणलेल्या गोळ्यांसह, डॉक्टरांना दाखवावीत. मात्रा कमी करणे अथवा पर्याय देणे त्यांच्या हाती असते. गोळी बसून वा उभे राहून पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व निदान अर्धा तास आडवे होऊ नये.

मात्र प्रत्येक तक्रार औषधाच्या माथी मारू नये. गिळण्याचा त्रास दिवसेंदिवस वाढत असेल, वजन घटत असेल, तर कर्करोगाची शंका घेऊन विनाविलंब तपासणी करावी. छातीत अकस्मात कळ आल्यास ती हृदयाची असू शकते. अशा वेळी रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी एवढा एक प्रश्न आपल्या गावातील वृद्धांना अवश्य विचारावा: 'आजोबा, गोळी कशी घेता, आणि किती पाण्याबरोबर?' त्या एका प्रश्नाने एखाद्याचे दुखणे वेळीच उमगेल आणि त्याला सुखाचा घास मिळेल.