भांडं एक, चवी दोन



पनवेलच्या घराघरांत संध्याकाळी एक प्रश्न हमखास येतो.
आज जेवायला काय?

एकाला भाजी नको, दुसऱ्याला तिखट नको.
आणि खर्चही हाताबाहेर जायला नको.

उत्तर रायगडच्या शेतातच आहे. कडवे वाल!

भाताची कापणी झाली, की जमिनीत ओल उरते.
त्या ओलीवर इथे वाल पिकतात.
वाळवून ठेवले की वर्षभर पुरतात.

मुलं नाक मुरडतात ती कडवटपणाला.
त्यावर जुना उपाय आहे.
वाल रात्री भिजवायचे.
सकाळी उपसून फडक्यात बांधायचे.
मोड आले, की कोमट पाण्यात घालून सोलायचे.
चिमटीत दाबलं, की साल सुटते आणि डाळिंबी बाहेर येते.

आता फोडणी.
तेल, मोहरी, हिंग, हळद. त्यावर डाळिंब्या.
आमसूल मात्र डाळिंब्या शिजल्यावरच घालायचं. आधी आंबट पडलं, तर दाणा लवकर शिजत नाही.
मग गूळ आणि ओलं खोबरं.

इथे थांबायचं. मुलांची वाटी आधी काढायची.
उरलेल्या उसळीत मोठ्यांसाठी तिखट-मसाला घालून एक उकळी आणायची.
म्हणजे भांडं एक, चवी दोन!

सोबत तांदळाची भाकरी किंवा गरम भात.

मूल पहिल्या दिवशी खाणार नाही कदाचित.
आग्रह नको.
चमचाभर वाढत राहावं.
नवी चव मुलांना आठ-दहा वेळांनंतरही आवडू लागते.

पुन्हा सांगायचं, तर भांडं एक, चवी दोन.
आज रात्री वाल भिजवले, तर परवा डाळिंबीचा बेत नक्की.
जरूर करून पाहा.