पंपाची भीती आणि पुडीचा भरवसा

खान्देशातून येऊन सुरत जिल्ह्यात रुजलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. माझ्याहून लायक माणसे समोर बसली आहेत, असे प्रत्येक अध्यक्ष म्हणतो. आज ते खरेही आहे. चलथाणकरांनी जेवणाची व्यवस्था चोख ठेवल्याचे कळते, तेव्हा प्रास्ताविक इथेच थांबवतो.

पत्रिकेत माझ्या नावापुढे श्वसनमार्गाचा दाह आणि ॲलर्जी यांवरील उपचारांचा आढावा, असे छापले आहे. तो उरकून टाकतो. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले आणि १९५० साली हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. पुढे दम्याला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्यामागून सुजलेले चेहरे, वाढलेली साखर आणि ठिसूळ हाडेही आली. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला त्या १९७२ साली ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा, श्वासावाटे घ्यायचा पंप निघाला आणि औषध थेट श्वासनलिकेत पोचू लागले. २०१९ साली ‘जिना’ या दम्यावरच्या जागतिक मंडळाने स्पष्टच सांगितले की मोठ्या माणसांना श्वासनलिका तात्पुरती मोकळी करणाऱ्या नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नका, श्वासावाटे स्टेरॉइड द्याच. झाला आढावा.

आता मनातले बोलतो. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक मृत्यूही भारतातच होतात. हा फरक कशाने पडतो? धूळ, धूर, गरिबी ही कारणे आहेतच. पण एक कारण आपल्या टेबलाशी बसते. पंप म्हटला की रुग्ण दचकतो. ‘पंपनी सवय पडी जाई ना, डाक्टरसाहेब?’ हे अहिराणीतले वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहे. तोच माणूस बिननावाची पुडी मात्र निर्धास्त गिळतो, आणि त्या पुडीतही अनेकदा स्टेरॉइडच असते!

हिशेब करा. बुडेसोनाइडच्या एका झुरक्यात २०० मायक्रोग्रॅम औषध. प्रेडनिसोलोनच्या लहानशा गोळीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. दोन्हींची ताकद वेगळी आहे, मान्य. पण पंपातले जे औषध पोटात जाते त्यातले बहुतेक यकृतातच निकामी होते. गोळीतले मात्र अंगभर फिरते. आणि आपण घाबरतो कशाला, तर झुरक्याला.

पलीकडच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगाईचे काम करणारा एक कामगार आखाजीच्या सणाला गावी गेला. वर्षानुवर्षे घेत असलेली पुडी तिकडे संपली. परत आला तो उलट्या करत, रक्तदाब खाली गेलेला, उभे राहवत नव्हते. पुडीतल्या स्टेरॉइडने त्याच्या अधिवृक्क ग्रंथी झोपवल्या होत्या. औषध कोणी दिले, तो सांगेना. काय दिले, ते त्याला माहीतच नव्हते. पुडीवर नाव असते तर कोणीतरी त्याला हळूहळू मात्रा कमी करून दिली असती. माझा राग स्टेरॉइडवर नाही, लपवलेल्या मात्रेवर आहे. कोविडात २०२० साली ऑक्सिजनवरच्या रुग्णांना मोजून दिलेल्या डेक्सामेथासोनने जीव वाचवले. २०२१ साली तेच औषध बेहिशेबी वापरले गेले, साखर बेलगाम वाढली आणि म्युकर या बुरशीने डोळे-जबडे नेले, ते गुजरात-महाराष्ट्रात आपण डोळ्यांनी पाहिले.

सकाळच्या सत्रात दोन मित्रांनी वाद घातला की ऊसतोड मजुराला पंप जमत नाही, पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा स्पेसर परवडत नाही. मित्रहो, या मजुरांच्या पडावावर येऊन बघा. नवापूरकडच्या एका आजीसाठी मी अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली घेतली. तार तापवून तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाची फट पाडली, पंप घट्ट बसवून कडेने चिकटपट्टी लावली. आजी बाटलीच्या तोंडाला ओठ लावून संथ श्वास घेऊ लागली. मग चूळ भरून म्हणाली, ‘इतलंच ना?’ ही बाटली माझी कल्पना नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या हीदर झार यांनी अशी बाटली बाजारातल्या स्पेसरइतकीच काम देते, हे १९९९ साली दाखवून दिले आहे. मजुराला जमत नाही म्हणणाऱ्यांनी त्याला शिकवायला पाच मिनिटे दिली होती का, हे आधी सांगावे.

एक काळ असा होता की डॉक्टर औषध स्वतः खलत आणि रुग्ण डोळे मिटून घेत असे. त्या विश्वासाची मलाही ओढ आहे. पण त्याच विश्वासाच्या आडोशाने आज गोळ्या पट्टीतून सोडवून कागदात बांधल्या जातात. याला परंपरा म्हणत असाल तर मी परंपरेच्या विरुद्ध आहे.

आता पुढचे काम. पंपाची माहिती देणारे पत्रक मराठी, गुजराती आणि अहिराणीत निघावे. पडावांवर शिबिरे व्हावीत. एखादी समितीही नेमावी. तपशील कार्यकारिणी ठरवेल.

पण समितीची वाट पाहू नका. उद्या दवाखाना उघडाल तेव्हा प्रत्येक औषधाचे नाव आणि मात्रा चिठ्ठीवर लिहा. स्टेरॉइड देत असाल तर रुग्णाला तोंडाने सांगा, का देतो, किती दिवस देतो आणि बंद कसे करायचे. जे सांगायची लाज वाटते, ते देऊ नका.