पक्षाघात, आरसा आणि आभासी जग



पक्षाघाताला आपल्या घरांत फालिज म्हणतात, कोणी लकवा, तर खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. कारण मात्र एकच : मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, की कबुतराचे रक्त चोळण्यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचे सी. टी. स्कॅन करून. किनवटहून नांदेड गाठेपर्यंत त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

परंतु मला बोलायचे आहे ते जीव वाचल्यानंतरचे. अब्बा खाटेवर पडून असतात, सून घास भरवते, मुलगा सदरा चढवतो. हे सारे प्रेमापोटीच, पण त्यामुळे लुळ्या हाताला काही कामच उरत नाही. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. त्याचे काम शेजारचे भाग काही अंशी शिकून घेतात. हे शिकणे पाढ्यांसारखे आहे : शेकडो वेळा घोकल्याशिवाय होत नाही. आणि माणूस तर चार दिवसांत कंटाळतो.

येथे नवे यंत्र कामास येते. डोळ्यांवर चष्म्यासारखी पेटी चढवली की रुग्णाला बाग दिसते; हात थोडा हलला तरी तेथे फळ तोडले जाते, गुण मिळतात. दुसऱ्या प्रकारात समोरचे खरे टेबलच दिसते, त्यावर चित्रातला पेला ठेवलेला असतो. हैदराबादच्या आय. आय. टी.च्या आश्रयाने तयार झालेले ‘आर्मएबल’ हे हाताच्या व्यायामाचे यंत्रही पडद्यावरील खेळच खेळवते.

मात्र यंत्राला भुलू नका. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने ७२ चाचण्या पडताळल्या. हाताच्या बाबतीत नेहमीच्या व्यायामाऐवजी हे खेळ दिले तर विशेष जादा लाभ दिसला नाही; त्या व्यायामात त्यांची भर घातली, म्हणजे सरावाचा वेळ वाढला, तेव्हा दिसला. तेव्हा लाखाचे यंत्र नाही म्हणून हात टेकण्याचे कारण नाही.

मूळचे तामिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापलेल्या रुग्णांसाठी साधा आरसा वापरला. पुढे तो पक्षाघातातही आला. टेबलावर आरसा उभा करा, लुळा हात त्याच्या मागे, चांगला हात पुढे. रुग्णाने आरशात पाहत मूठ उघडावी, मिटावी. मागच्या हातानेही तसाच प्रयत्न करावा. लुळा हातच हलतो आहे असे मेंदूला भासते. फिजिओथेरपिस्टला विचारून रोज अर्धा तास हे करवून घेणे नातवंडांना सहज जमेल.

लातूरच्या शिकवण्यांत आपली मुले-मुली ‘नीट’साठी रात्री जागवतात. एम. बी. बी. एस. हुकले की घरात सुतक पडते! त्याच परीक्षेवर फिजिओथेरपीच्या पदवीलाही प्रवेश मिळतो, हे कित्येक पालकांना ठाऊक नसते. पडद्यातल्या आजारी आजीचा हात धरून तिला पुन्हा वुजूचा लोटा उचलायला शिकवील अशी मुलगी आपल्या मोहल्ल्यातून तयार व्हायला हवी. निकालानंतर अर्ज भरायला बसाल, तेव्हा पसंतीक्रमात बी. पी. टीएच. चाही रकाना भरा.