हिर्डोशीची गाडी

डोंगर चढण्याची हौस असलेल्या शहरी माणसाला त्याची वाट कोठून सुरू होते असें विचारलें, तर तो पायथ्याच्या गांवाचें नांव सांगेल. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर पाठीवरची पिशवी पोटाशीं धरून जेथें गर्दींत उभें राहावें लागतें, तेथेंच त्याची वाट सुरू झालेली असते. डोंगर मागाहून येतो. आधीं गाडी यावी लागते.

भोर तालुक्यांतील हिर्डोशीचेंच उदाहरण घ्यावें. भोरहून वरंध घाटानें महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा नदीच्या खोऱ्यांत हें गांव वसलें आहे. हा मुलूख म्हणजे इतिहासांतील हिरडस मावळ. बांदल देशमुखांचें वतन आणि बाजी प्रभु देशपांडे यांची कर्मभूमि. १६५९ च्या मे महिन्यांत शिवाजीमहाराजांनीं बाजी प्रभूंना पत्र लिहून या मावळांतील ओस पडलेला जासलोडगड पुन्हा वसविण्याची आज्ञा केली व त्यास मोहनगड हें नांव दिलें. दुर्गाडी गांवामागचा डोंगर तोच हा मोहनगड, असें अभ्यासक मानतात. त्याच्या ओढीनें पुण्याची तरुण मंडळी या वाटेला लागतात.

कात्रजचा डोंगर ओलांडून कापूरहोळपर्यंतचा प्रवास सुखाचा होतो. तेथें सातारा रस्ता सोडला कीं भोर येतें. १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानची ही राजधानी. येथें गाडी बदलावयाची, आणि येथेंच प्रवासाचा रंगहि बदलतो. आंत पाऊल ठेवतांच कळतें कीं, ही गाडी नसून चालतें गांव आहे. बाजार करून निघालेल्या म्हाताऱ्या, शाळेचीं पोरें, बियाण्याच्या पिशव्या, धार लावून आणलेले कोयते आणि दवाखान्यांतून परतणारा एखादा आजारी गडी, असा सगळा संसार तींत दाटलेला असतो. कोण कोठें उतरणार हें कंडक्टरला विचारावें लागत नाहीं.

आपटी, निगुडघर मागें पडतें आणि रस्ता आपलें खरें रूप दाखवूं लागतो. पावसानें खडी उखडलेली, वळणामागें वळण. खिडक्यांच्या कांचा एकसारख्या खडखडतात आणि मागच्या बांकावरील माणूस प्रत्येक खड्ड्यागणिक वीतभर वर उडतो. शहरांतील पाहुणा पुढच्या बांकाची दांडी घट्ट धरून बसतो. शेजारची म्हातारी मात्र टोपली मांडीवर घेऊन स्वस्थ डुलकी काढीत असते.

अशा वेळीं एखादा म्हातारा सहज विचारतो, "कुठं निघालात, पाव्हणं?"

"मोहनगडावर, बाबा."

"तिथं काय काम काढलंत?"

"काम नाहीं, पाहायला."

म्हातारा किंचित् हंसतो. "बघा बघा. तुम्हांला एक दिवस हाडं खिळखिळीं करून घ्यायची हौस. आम्हांला रोजचंच हाय. ही गाडी आली तर तालुका, नाहीं आली तर घर."

या साध्या बोलांत फार मोठा अर्थ आहे. खिडकीबाहेर नीरा-देवघर धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो. त्यांत सुमारें पावणेबारा अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि तें खंडाळा, फलटण, माळशिरस या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांसाठीं आहे. पाहुण्याला तो देखावा वाटतो. त्या म्हाताऱ्याला पाण्याखालचीं भातखाचरें दिसतात. ज्यांची जमीन गेली, त्यांतील अनेकांना दूरच्या लाभक्षेत्रांत जाऊन नव्यानें चूल मांडावी लागली. जे मागें राहिले, त्यांचा जगाशीं धागा म्हणजे हा रस्ता आणि ही गाडी.

ज्या वर्षीं भोर संस्थान विलीन झालें, त्याच वर्षीं, १ जून १९४८ रोजीं, सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली. पुढें ही एस्. टी. डोंगरकपारींतील खेड्यांपर्यंत पोंचली. तिचें मोल ती नसतांना कळतें. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हां आडगांवच्या मुलांची शाळा आणि वृद्धांचें औषध दोन्ही अडलीं. पाऊस तर दरसालचा परीक्षक. २२ जुलै २०२१ रोजीं घाटाखालीं महाड तालुक्यांत तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. वरंध घाटाचा रस्ताहि त्याच पावसांत जागोजागीं खचला. तेव्हांपासून पावसाळ्यांत हा घाट वाहतुकीस बंद ठेवण्याचे हुकूम वारंवार निघतात. शहरांतील माणूस सहल पुढें ढकलतो. गांवाला आपलें आयुष्य पुढें ढकलतां येत नाहीं.

म्हणून या गाडींत बसणाऱ्या हौशी प्रवाशानें थोडें भान ठेवावें. आपलें अवजड बोचकें वाटेंत आडवें टाकूं नये. गर्दी झाल्यास आपण उठून म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी. ज्याला दिवसभर डोंगर चढावयाचा आहे, त्याला तासभर उभें राहणें जड वाटूं नये. आणि उतरतांना गडाची वाट विचारण्यापूर्वीं परतीची वेळ विचारून घ्यावी.

एवढें करूनहि उशीर होतोच. गड उतरून, पायांचे गोळे झालेल्या स्थितींत मंडळी शेताच्या बांधावरून धांवत येतात, तों रस्त्यावर भोंगा वाजतो. गाडी गेलीच असें वाटतें. पण ती हललेली नसते. सकाळचाच म्हातारा दाराशीं उभा राहून कंडक्टरला सांगत असतो, "थांब जरा, आपले पाव्हणे यायचेत." कंडक्टर घड्याळाकडे पाहतो, कपाळाला आठ्या घालतो, आणि थांबतो. मोहनगडाच्या माथ्यावरून दिसलेला मुलूख पुढें विसरला जाईल. ती थांबलेली गाडी मात्र विसरली जात नाहीं.